काळ्या नळीतलं शेवाळ

सूर्य नाही तर काहीच नाही, हे माझं मत होतं. नुसतं मत कसलं, त्यावर माझा पगार चालायचा. कळवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवलं. अन्नसाखळीचा धडा आला की फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात सूर्य काढायचा, त्याच्यातून बाण, बाणाच्या टोकाला गवत, मग नाकतोडा, बेडूक, साप, घार. मुलं शेतकऱ्यांची आणि पाड्यांवरची. त्यांना हे पटवून द्यायची गरजच पडत नसे. आभाळ चार दिवस झाकोळलेलं राहिलं की कांद्यावर करपा येतो आणि घरात आवाज चढतात, हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक. सूर्य हा ऊर्जेचा मूळ स्रोत, हे वाक्य मी फळ्यावर लिहायचो तेव्हा ते मला विज्ञानापेक्षा थोडं जास्त वाटायचं. सकाळी सप्तशृंगगडाच्या कड्यावर ऊन पडताना पाहिलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे.

अतिविषम ठिकाणी राहणारे सूक्ष्मजीव मला माहीत नव्हते असं नाही. उकळत्या झऱ्यातले, खारट डबक्यातले, बर्फाखालचे. पण ते माझ्या लेखी अपवाद होते, आणि अपवादांचा उपयोग मी परिपाठात करायचो. 'बघा मुलांनो, जिथे हात घातला तर हात भाजेल तिथे हा एवढासा जीव जगतो, आणि तुम्ही पहिल्या घटक चाचणीत कमी मार्क पडले म्हणून रडता!' टाळ्या मिळायच्या. जिद्द या विषयावरची माझी दोन-तीन भाषणं या बिचाऱ्या जिवाणूंच्या जीवावर उभी होती.

यातलं काहीच मी आता तसं म्हणत नाही. का, ते सांगतो. एका दिवसात काही घडलं नाही. निवृत्तीनंतर हळूहळू, आणि बऱ्याच अंशी ठिबकच्या नळ्यांमुळे घडलं.

आमचं बोअर खोल आहे आणि पाण्यात लोहाचा अंश जरा जास्त. ठिबक दोन-अडीच हंगाम बरं चालतं, मग ड्रीपर बंद पडायला लागतात. नळीचं टोक मोकळं करून पाणी सोडलं की आधी तांबडा, बुळबुळीत गाळ येतो, बोटाला चिकटतो, चोळला तर पिठासारखा मऊ. सगळे त्याला शेवाळ म्हणतात, मीही म्हणायचो. ॲसिड सोडायचं, नळ्या धुवायच्या, विषय संपला. एकदा असंच धुणं चाललेलं असताना दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शेती त्याच्याच अंगावर, म्हणाला, "काय रे, नळी काळी कशापायी करतात?"

"ऊन आत जाऊ नये म्हणून. ऊन गेलं तर शेवाळ धरतं."

"मग हे काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नळी काळी, जमिनीलगत, आत अंधार. त्यात येणारं पाणी शेकडो फूट खालचं, त्याने ऊन कधी पाहिलेलं नाही. आणि तरी काहीतरी वाढतंय, तेही इतकं की नळी बुजवून टाकतंय. खातंय काय?

त्या गाळाचा थेंब शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. शाळेत मला अजून कुणी परकं मानलेलं नाही, त्यामुळे प्रयोगशाळेची किल्ली मिळते. चारशे पटींत पाहिलं तर तांबूस, पीळ घातलेले दोरे, असंख्य, एकमेकांत गुंतलेले. गॅलिओनेला या लोहजिवाणूचं चित्र पुस्तकात असतं ते अगदी हेच. दोरा म्हणजे जिवाणू नव्हे. जिवाणू घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा, दोऱ्याच्या टोकाला असतो आणि बऱ्याचदा तिथून सुटून गेलेला असतो. दोरा म्हणजे त्याने मागे टाकलेला गंज. नळीत इतरही जिवाणू त्या गाळात मुक्काम करून होते, सगळं श्रेय एकट्याचं नाही. पण मुख्य कारभार याचा.

हा कारभार समजून घेतला तेव्हा माझ्या फळ्यावरचा सूर्य पहिल्यांदा हलला. खोलवरच्या पाण्यात ऑक्सिजन नसतो, म्हणून तिथे लोह विरघळलेल्या रूपात राहतं. ते पाणी वर आलं, हवेला लागलं, की लोहातला एकेक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातो आणि गंज होतो. हे आपोआपही होतं. हा जिवाणू मध्ये घुसतो आणि तो इलेक्ट्रॉन आपल्या अंगातून जाऊ देतो. जाता जाता जी थोडी ऊर्जा सुटते ती याची. तिच्यावर तो कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बांधतो. झाडं करतात तेच, फक्त उजेडाऐवजी लोखंडावर. आणि लोखंडातून मिळकत इतकी तुटपुंजी की स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट लोह गंजवल्याशिवाय भागत नाही. आमच्या नळ्यांतला तांबडा ढीग म्हणजे जिवाणूंच्या गर्दीचा पुरावा कमी आणि त्यांच्या गरिबीचा जास्त.

उजेडाशिवाय अन्न तयार करता येतं, हे शोधून काढणारा माणूस सर्गेई विनोग्राड्स्की. 1887 च्या सुमारास गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंवर काम करताना त्याला ते उमगलं, आणि 1890 मध्ये त्याने मातीतल्या अमोनियावर जगणारे जिवाणू वेगळे काढून दाखवले. हे दुसरे तर आमच्या वाफ्यात रोज असतात. कांद्याला युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो, नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतो, नायट्रोबॅक्टर नायट्रेट करतो, आणि ते कांद्याचं मूळ ओढून घेतं. मी हे वर्षानुवर्षं 'नायट्रोजन चक्र' म्हणून शिकवलं. पण ते दोघे हे काम आपल्यासाठी करत नसून तो त्यांचा जेवणाचा डबा आहे, अमोनिया जाळूनच त्यांचं पोट भरतं, हे फळ्यावर कधी आलं नाही. चक्रात बाण असतात, पोट नसतं.

तरीही मी सहजासहजी हार मानली नाही. माझा एक बुरूज शिल्लक होता आणि तो मजबूत होता: ऑक्सिजन. लोहजिवाणूला ऑक्सिजन लागतो, नायट्रोसोमोनासलाही लागतो. हवेतला ऑक्सिजन कुणी तयार केला? झाडांनी आणि निळ्या-हिरव्या जिवाणूंनी, सूर्याच्या उजेडात. म्हणजे फिरून फिरून सूर्यच. 1977 मध्ये गॅलापागोस बेटांजवळ समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती जीवांची वस्ती सापडली, तेव्हा सूर्याशिवायची सृष्टी म्हणून जगभर गाजावाजा झाला. पण तिथले लांबलचक नळीकृमी ज्या जिवाणूंवर जगतात त्यांनाही गंधक जाळायला समुद्रात विरघळलेला ऑक्सिजनच लागतो. त्यामुळे त्या गाजावाजाकडे मी तोंड वाकडं करून पाहायचो, आणि अजूनही थोडं पाहतो.

बुरूज ढासळला तो दोन बाजूंनी, आणि त्यातली एक बाजू गोठ्यामागे होती.

आमच्याकडे गोबरगॅस आहे. नवी टाकी चालू करताना नुसतं शेण-पाणी भरून भागत नाही, कुणाच्या तरी चालू टाकीतली स्लरी आणून ओतावी लागते. डिसेंबर-जानेवारीत कळवणला गारठा पडला की गॅस निम्म्यावर येतो आणि चहा चुलीवर जातो. टाकीत शेणाचं आधी आम्ल होतं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि शेवटी मिथेन करणारे येतात. हे जिवाणूसुद्धा नव्हेत. कार्ल वूज यांनी 1977 मध्ये दाखवून दिलं की ही सजीवांची निराळीच शाखा आहे. तिला आर्किया म्हणतात. यांच्यातल्या अनेकांचा स्वयंपाक जगात सगळ्यात साधा: चार रेणू हायड्रोजन, एक रेणू कार्बन डायऑक्साइड, त्यातून मिथेन आणि पाणी. ऑक्सिजन औषधालाही नाही. उलट ऑक्सिजन हे यांचं विष. टाकीत हवा शिरली की यांचं काम बंद.

मिळकत किती? आपण एक मोल ग्लुकोज ऑक्सिजनवर जाळतो तेव्हा सुमारे 2,870 किलोज्यूल ऊर्जा सुटते. हायड्रोजनपासून एक मोल मिथेन करताना, पुस्तकी परिस्थितीत, सुमारे 131. प्रत्यक्ष टाकीत किंवा चिखलात त्याहून पुष्कळ कमी. एवढ्यावर संसार कसा चालतो, याचं उत्तर पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये सुचवलं. त्यावर वादंग झालं, पुढे 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेशी इलेक्ट्रॉन पुढे सरकवते आणि त्या जोरावर प्रोटॉन आपल्या पडद्याबाहेर ढकलत राहते. बाहेर साठा होतो, आत कमी. चणकापूर धरणात पावसाळाभर पाणी अडवावं आणि मग एकाच दरवाजातून सोडावं तसे ते प्रोटॉन एका बारीक फिरत्या यंत्रातून आत येतात, आणि ते फिरताना एटीपी तयार होतं, ज्याच्यावर पेशीची सगळी कामं चालतात. प्रोटॉन ढकलायला एका घासाची ऊर्जा पुरली नाही तरी बिघडत नाही, थोडं थोडं साठवता येतं. कांद्याच्या मुळात हेच, माझ्या मनगटात हेच, गोबरगॅसच्या टाकीतही जवळपास हेच, मधले सांधे तेवढे वेगळे.

इथे माझं पहिलं मत खरं तर गेलंच होतं, फक्त मला ते कळलं नव्हतं. जीवाला सूर्य लागत नाही. जीवाला तफावत लागते. इलेक्ट्रॉन द्यायला तयार असलेलं काहीतरी एका बाजूला, घ्यायला तयार असलेलं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये शिरायला जागा. सूर्य ही तफावत फार मोठ्या प्रमाणावर निर्माण करतो, एवढंच.

पण शेण म्हणजे पचलेलं गवत, आणि गवत म्हणजे पुन्हा सूर्य. तेव्हा बुरुजाची दुसरी बाजू पडायला कोयनेपर्यंत जावं लागलं.

11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्या पिढीला ऐकून तरी माहीत आहे. तिथले भूकंप समजून घेण्यासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने त्या भागात खोल छिद्रं घेतली, आधी दीड किलोमीटरच्या आसपासची काही, आणि 2017 मध्ये गोठणे गावाजवळ तीन किलोमीटरचं एक. तिथे वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या खाली ग्रॅनाइट, अडीचशे कोटींहून जास्त वर्षांचा. हाच काळा दगड कळवणच्या डोंगरांत थरावर थर रचलेला दिसतो, आमच्या बोअरची करडी भुकटी त्याचीच. कोयनेच्या या उपक्रमात वर आलेल्या दगडाच्या गाभ्यांवर खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी काम केलं. 2018 पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनुसार त्या दगडांतून जिवाणूंचा आणि आर्कियांचा डीएनए मिळतो. मिथेन, गंधक, नायट्रोजन यांच्या देवघेवीत भाग घेणाऱ्या गटांचा. दगड म्हणजे निर्जीवाचं आमचं ठरलेलं उदाहरण. सजीव-निर्जीव हा तक्ता करताना उजव्या रकान्यात पहिला शब्द तोच असतो.

तिथे ते खातात काय, हे ठरवणं सोपं नाही. लोहयुक्त बेसॉल्ट आणि पाणी यांच्यातून हायड्रोजन सुटतो आणि त्यावर मिथेनवाले जगतात, असा दावा 1995 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया नदीकाठच्या बेसॉल्टबद्दल झाला होता. आपल्या दगडाचाच तो भाऊबंद, म्हणून मी हरखून वाचलं. तीनच वर्षांनी दुसऱ्या गटाने तो दावा खोडला: तिथल्या पाण्याच्या अल्कधर्मी परिस्थितीत असा हायड्रोजन निघतच नाही. मला त्या खोडण्याचा आनंद झाला होता, हे कबूल करतो. बुरूज वाचला असं वाटलं.

मग दक्षिण आफ्रिकेतली म्पोनेंग सोन्याची खाण आली. तिथे 2.8 किलोमीटर खोल, खडकाच्या भेगेतल्या पाण्यात एक जिवाणू सापडला, डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर. 2008 मध्ये त्याची जनुकं वाचली तेव्हा लक्षात आलं की त्या पाण्यात जवळजवळ तो एकटाच आहे. 99 टक्क्यांहून जास्त डीएनए याचा. खडकातलं युरेनियम हळूहळू विघटित होतं, त्याच्या किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन सुटतो. त्याच प्रक्रियेतून खडकातल्या गंधकाचं सल्फेट होतं. हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सल्फेटला द्यायचे आणि मधली मिळकत ठेवायची. कार्बन खडकातला, नायट्रोजनही तिथलाच. सूर्य कुठेच नाही. ऑक्सिजनच्या मागच्या दारानेही नाही. मी बऱ्याच दिवसांत बऱ्याच वेळा त्यात फट शोधली.

सूर्याबद्दलचं माझं मत इथे बदललं. अर्थात पुरतं उलटं झालं नाही, आणि तसं व्हायलाही नको. पृथ्वीवरच्या सजीवांत साठलेल्या कार्बनचा फार मोठा हिस्सा वनस्पतींत आहे. 2018 च्या अखेरीस खोल भूगर्भातल्या जीवसृष्टीचा अंदाज जाहीर झाला, 1,500 ते 2,300 कोटी टन कार्बन, म्हणजे सगळ्या माणसांच्या कितीतरी पट. पण त्यातलेही पुष्कळ जीव वरून गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यावरच गुजराण करतात. फळ्यावरचा सूर्य मी पुसला नसता. त्याच्या शेजारी खाली एक दगड काढला असता आणि त्यातून एक बारीक बाण.

परिपाठातल्या भाषणांचं मात्र मला जास्त लागून राहिलं आहे, आणि तिथे मत पुरतं उलटं झालं.

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपांवर तेच फोटो. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. कारण निघालं खारप्रेमी आर्कियांचं: उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला, ते फोफावले, त्यांच्या गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगलं. पाऊस पडल्यावर ओसरलं. तेव्हा मी एकाला लिहिलं होतं, 'किती कठीण परिस्थितीत जगतात बघा.' आज ते वाक्य वाचवत नाही. लोणारच्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास. एरवी ते पाणी हिरवंगार असतं, कारण त्यात स्पिरुलिना माजलेली असते. अशी सोडायुक्त सरोवरं जगातल्या सगळ्यात सुपीक पाण्यांत मोडतात. तिथे कुणी कसंबसं जगत नाही. उपासमार आमच्या गिरणा नदीच्या स्वच्छ पाण्यात जास्त असेल.

बरं, तिथली अडचण खरी आहे, आणि ती सोडवण्याची रीत मला कोणत्याही जिद्दीपेक्षा जास्त आवडते. सामू 10 म्हणजे बाहेर प्रोटॉन जवळपास नाहीतच. ज्याच्या जोरावर एटीपी व्हायचं तो साठाच बाहेर टिकत नाही. तिथले अल्कप्रेमी जिवाणू काय करतात? पेशीच्या आतला सामू बाहेरच्यापेक्षा खाली ठेवतात, पडद्यावर विजेचा दाब वाढवून प्रोटॉनची तूट भरून काढतात, आणि पोहणं, अन्न आत ओढणं अशी बरीचशी कामं प्रोटॉनऐवजी सोडियमवर काढतात, कारण सोडियम तिथे मुबलक. खारप्रेमी आर्किया आणखी वेगळे: बाहेर मीठ म्हणून ते आत पोटॅशियम भरून ठेवतात, आणि त्यांची प्रथिनं त्या खारात काम करायला इतकी सरावलेली असतात की गोड पाण्यात टाकलं तर पेशी फुटते. त्यांना गिरणेत सोडणं म्हणजे ठार मारणं.

मग विषम परिस्थिती नक्की कुणाची? मिथेनवाल्यांच्या बाजूने पाहिलं तर एकवीस टक्के ऑक्सिजन असलेल्या या हवेत आपण ज्या निवांतपणे बसतो ते भयंकरच आहे. ऑक्सिजन आपल्यालाही जाळतो. त्याच्यापासून पेशी वाचवायला आपल्या अंगात विकरांची फौज दिवसरात्र राबते. आपण त्याला जिद्द म्हणत नाही. मग उष्ण झऱ्यातल्या जिवाने तरी माझ्या परिपाठासाठी जिद्दी का असावं? 122 अंशांवर वाढणारा एक आर्किया 2008 मध्ये नोंदला गेला आहे. त्याला ऐंशी अंशांवर आणलं तर तो गारठून वाढायचा थांबेल. आणि परिपाठाला उभ्या असलेल्या ज्या मुली पाड्यावरून चालत शाळेत यायच्या, त्यांना मी जिवाणूची जिद्द सांगत होतो, हेही आता नीट वाटत नाही. त्यांच्या वाटेवर बस सुरू व्हावी म्हणून मी अर्ज लिहायला हवा होता.

एका बाबतीत मात्र मी अजून जुनाच आहे. हल्ली असं काही वाचलं की पुढचं वाक्य मंगळाचं असतं: तिथे बेसॉल्ट आहे, कधीकाळी पाणी होतं, म्हणजे खोलवर कुणीतरी असणारच. अन्न आहे म्हणून खाणारा आहे, असं होत नाही. कोलंबिया नदीकाठचा दगड हाताशी होता, पाणी हाताशी होतं, तरी हायड्रोजनचा दावा तीन वर्षांत कोलमडला. आपल्या काळ्या दगडातलं कोण प्रत्यक्ष जिवंत आहे, कोण किती हळू वाढतंय आणि ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वरून कोण आत गेलं, हे वेगळं काढण्यातच संशोधकांचं निम्मं आयुष्य जातंय. मंगळाचं पुढे बघू. ठिबकला ॲसिड मात्र या आठवड्यातच सोडायचं आहे, दादाने दोनदा आठवण केली.